पाच लाखांचा ठेव विमा: गोव्यातल्या ठेवीदाराला किती पुरतो?

"आमची बँक बुडेल का?" या प्रश्नाला बाहेरून कोणीही खात्रीचं उत्तर देऊ शकत नाही. शाखा व्यवस्थापक तर नाहीच नाही. पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो "सगळं व्यवस्थित आहे" असंच सांगतो, आणि बहुतेक वेळा त्यालाही त्याहून जास्त माहीत नसतं. उत्तर मिळू शकेल असा प्रश्न निराळा आहे. उद्या काउंटर बंद झालं तर माझ्या हातात किती रक्कम येईल, किती दिवसांनी येईल आणि कोणत्या कागदांवर येईल? हे ठरतं ठेव विम्यावर. म्हणून इथे बँकांपेक्षा त्या विम्याचंच परीक्षण केलं आहे, आणि तेही गोव्यातल्या माणसाच्या नजरेतून.

हा विमा देतं डीआयसीजीसी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ. १९६२ साली १,५०० रुपयांच्या संरक्षणापासून सुरुवात झाली, १९९३ मध्ये मर्यादा १ लाख झाली आणि मग तब्बल २७ वर्षं तिथेच अडकली. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख आहे. ठेवीदाराला वेगळी पॉलिसी मिळत नाही, अर्ज करावा लागत नाही. हप्ता बँक स्वतःच्या खिशातून भरते, तो तुमच्या खात्यातून कापता येत नाही. फुकट मिळतो म्हणून त्याच्या अटी कोणी वाचत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

गोव्यात या विम्याची दोनदा खरी कसोटी लागली. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेवर २०१५ पासून निर्बंध होते. परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. त्या काळी नियम असा होता की परवाना रद्द होऊन बँक अवसायनात गेल्याशिवाय विम्याचा एक रुपयाही सुटत नसे. म्हणजे ठेवीदार पावणेपाच वर्षं ताटकळले. त्यातल्या त्यात नशीब एवढंच की मर्यादा दोनच महिने आधी वाढली होती. परवाना त्या जानेवारीत गेला असता तर माणशी १ लाखावरच बोळवण झाली असती. मडगाव अर्बनवर मे २०१९ मध्ये निर्बंध आले आणि परवाना जुलै २०२१ मध्ये गेला. दोन्ही वेळा रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. आकडा खरा असला तरी तो खातेदारांच्या संख्येचा आहे, रकमेचा नव्हे. छोट्या खात्यांची गर्दी मोठी असते, त्यामुळे टक्का चांगला दिसतो. निवृत्तीचे १८ लाख एकाच पावतीत ठेवणारा उरलेल्या १ टक्क्यात येतो.

मडगाव अर्बन बंद झाल्यावर साधारण महिन्याभरात, १ सप्टेंबर २०२१ पासून, कायदा बदलला आणि या सेवेतली सर्वांत मोठी सुधारणा झाली. आता परवाना रद्द होण्याची वाट पाहावी लागत नाही. पैसे काढण्यावर निर्बंध लागले की ९० दिवसांचं घड्याळ सुरू होतं. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढच्या ३० दिवसांत महामंडळ ती तपासणार, आणि शेवटच्या १५ दिवसांत पैसे देणार. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करण्याचा विचार असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी ९० दिवस वाढवू शकते. म्हणून घरखर्चाचं गणित तीन महिन्यांचं न करता सहा महिन्यांचं करावं, आणि तेवढी रक्कम दुसऱ्या, शक्यतो राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावी. निर्बंधांच्या काळात किती रक्कम काढता येईल हे प्रत्येक आदेशात वेगळं असतं. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्या आदेशात सहा महिन्यांसाठी फक्त १,००० रुपये होते. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुवातीला शून्य.

या ९० दिवसांत पैसे अडकतात ते मुख्यतः कागदांवर. ठेवीदाराने लेखी संमती द्यायची असते, केवायसी ताजं लागतं आणि दुसऱ्या बँकेतल्या स्वतःच्या खात्याचा तपशील द्यावा लागतो. पहिल्या ४५ दिवसांत हे झालं नाही तर नाव पहिल्या यादीत जात नाही आणि पुढच्या यादीची वाट पाहावी लागते. गोव्यात यातले नेहमीचे अडथळे ठरलेले आहेत. पासबुकावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. जन्मदाखल्यात पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग आणि पॅनकार्डावर दुसरंच. संयुक्त खात्यातला एक जण बोटीवर, सही करायला हजर नाही. आणि सर्वांत किचकट प्रकरण म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांचं. नागरिकत्व बदललं, राहणं परदेशात, पण इथलं खातं निवासी भारतीय म्हणूनच चालू आहे. ते नियमाप्रमाणे एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करायला हवं होतं. बँक सुरळीत असताना हे चालून जातं. दाव्याच्या वेळी नेमकं तेच पुढे येतं. ज्यांच्या घरात अशी खाती आहेत त्यांनी बँकेबद्दल काही ऐकू येण्याआधीच हे काम उरकून घ्यावं.

आता पाच लाखांचा हिशेब. ही मर्यादा एका बँकेत एका माणसाला आहे आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही येतात. म्हापसा, फोंडा आणि काणकोण अशा तीन शाखांत तीन पावत्या असल्या तरी त्या एकत्रच धरल्या जातात. बचत, चालू, मुदत, आवर्ती, पिग्मी, सगळ्यांची बेरीज होते. म्हणून बरोबर ५ लाखांची पुनर्गुंतवणूक पावती (व्याज मुद्दलातच मिळवत जाणारी) करणं हा आपल्याकडचा सर्वांत सर्रास घोळ आहे, कारण पहिल्याच तिमाहीपासून व्याज विम्याबाहेर जातं. दर ८ टक्के आणि तिमाही चक्रवाढ धरली तर तीन वर्षांच्या पावतीसाठी मुद्दल ३ लाख ९४ हजारांच्या आत हवं, पाच वर्षांसाठी ३ लाख ३६ हजारांच्या आत. दर ७ टक्के असेल तर हेच आकडे साधारण ४ लाख ६ हजार आणि ३ लाख ५३ हजार होतात. व्याज दर तिमाहीला बाहेर काढत असाल तर मुद्दल जास्त चालतं: ४ लाख ९० हजारांवर ८ टक्क्यांनी तिमाही व्याज ९,८०० रुपये, एकूण ४,९९,८००. पण ते व्याज त्याच बँकेच्या बचत खात्यात पडून राहिलं तर गणित पुन्हा फसलं. ते दुसऱ्या बँकेत वळवा.

संरक्षण वाढवण्याचा कायदेशीर मार्ग नावांच्या रचनेत आहे. नवऱ्याचं एकट्याचं खातं, बायकोचं एकटीचं खातं आणि दोघांचं संयुक्त खातं, ही तीन वेगळी नाती धरली जातात. प्रत्येकाला स्वतंत्र ५ लाख. संयुक्त खात्यात नावांचा क्रम उलटा केला तर तेही वेगळं धरलं जातं. म्हणजे एका जोडप्याला एकाच बँकेत २० लाखांपर्यंत संरक्षण मिळू शकतं. अज्ञान मुलाचा पालक म्हणून किंवा भागीदारी संस्थेचा भागीदार म्हणून ठेवलेली रक्कमही वेगळी. मात्र एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं चालू खातं वेगळं धरत नाहीत. हार्डवेअरवाला असो की तावेर्नवाला, दुकानाची शिल्लक त्याच्या वैयक्तिक ठेवीत मिळवली जाते. नॉमिनी नेमल्याने मर्यादा वाढत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, चौघे नेमले तरी विमा ५ लाखच.

नॉमिनीवरून आठवलं. गोव्यात नॉमिनी म्हणजे मालक असं समजून चालणं फार महागात पडतं. नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो. वाटणी वारसा कायद्याने होते, आणि आपल्याकडे जोडीदाराचा अर्धा हिस्सा बहुतेक विवाहांत मुळातच असतो. नॉमिनी नसलेला ठेवीदार निर्बंधांच्या काळात वारला तर वारसांना वारसपत्राचं काम आधी करावं लागतं, आणि ९० दिवस त्यांच्यासाठी थांबत नाहीत.

दोन बँकांत विभागून ठेवलेली रक्कम विलीनीकरणानंतर एकाच बँकेची होते, हेही लक्षात असू द्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. जुन्या सवयीने "माझी दोन वेगळ्या बँकांत खाती आहेत" म्हणणाऱ्यांची खाती प्रत्यक्षात एकाच बँकेत असू शकतात.

विम्याच्या अटींमधली सर्वांत कमी माहीत असलेली अट कर्जाची. मिळणारी रक्कम कर्ज वजा करून ठरते. ६ लाखांची ठेव आणि त्याच बँकेत २ लाखांचं कर्ज असेल तर उरतात ४ लाख, आणि ते पूर्ण सुरक्षित. इथपर्यंत ठीक. पण निर्बंधांच्या आदेशात नेहमी एक वाक्य असतं: ठेवीदाराची बँकेला कोणतीही देणी असतील, कर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून, तर रक्कम आधी तिकडे वळती करता येईल. गोव्यात गावातल्या गावात एकमेकांना जामीन राहायची पद्धत जुनी आहे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे भागात टिपर आणि बार्जची कर्जं थकली. सरकारला एकरकमी तडजोडीची योजना आणावी लागली. अशा कर्जावर ज्यांची सही आहे त्यांनी स्वतःची ठेव त्याच बँकेत ठेवू नये. बँक कितीही चांगली असली तरी.

कुठे हा विमा मुळीच लागू नाही ते थोडक्यात, पण नीट वाचा. पतसंस्था, मग ती गोवा सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असो की दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे नोंदलेली बहुराज्यीय असो: शून्य. गावातली व्हीकेएसएस (विविध कार्यकारी) सोसायटी: शून्य. बँकेचे शेअर्स: शून्य, लाभांश कितीही चांगला असू दे. बहुराज्यीय सोसायट्या पाटी मोठी, काचेचं ऑफिस आणि बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त व्याज देऊन बसतात. त्यांच्या पावतीवर "सहकारी" असतं, विमा नसतो. पडताळणी दोन मिनिटांची आहे. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तीत नाव शोधायचं. नाव अक्षरशः जुळलं पाहिजे, कारण मिळतीजुळती नावं घेणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत.

पिग्मीबद्दल वेगळं सांगायला हवं. बँकेची पिग्मी विम्यात येते, पतसंस्थेची येत नाही. आणि बँकेची असली तरी विमा बँकेच्या पुस्तकात नोंदलेल्या रकमेला आहे, एजंटाच्या वहीतल्या रकमेला नाही. बाजारकरी, भाजीवाल्या बायका रोज शंभर-दोनशे देतात आणि वर्षभर पासबुक भरून घेत नाहीत. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन भरून घ्या, एजंटाच्या मशीनच्या पावत्या तोवर जपून ठेवा.

संस्थांच्या पैशाबाबत या विम्याला आम्ही सरळ नापास करतो. देवस्थानाची महाजन समिती, गृहनिर्माण सोसायटी, क्रीडा मंडळ, कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था), या सगळ्यांना माणसाइतकंच, ५ लाख. शेकडो घरांचा दुरुस्ती निधी असो की जीर्णोद्धाराची वर्गणी, मर्यादा तीच. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा व्यक्तींना ५ लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंत हप्त्यांनी द्यायचं ठरलं. संस्थांच्या मोठ्या ठेवींचा बराचसा भाग मात्र शेअर्समध्ये बदलला गेला. सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदाराला विचारायचा प्रश्न एवढाच: निधी किती बँकांत आहे? "एकाच, ओळखीच्या" असं उत्तर आलं तर ठराव मांडायची वेळ झाली.

बँकेची तब्येत कशी पाहायची, याकडे आता येऊ. वार्षिक अहवाल मागा. तुम्ही सभासद असाल तर तो तुमचा हक्क आहे. चार जागा बघा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल: टियर २ ते ४ मधल्या, म्हणजे ढोबळमानाने १०० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकांना मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठायचे होते, लहान टियर १ बँकांना ९ टक्के. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं: ६ टक्क्यांवर गेला की रिझर्व्ह बँकेच्या सुधारणा चौकटीत नाव येऊ शकतं, आम्ही ३ टक्क्यांवरच सावध होऊ. सलग दोन वर्षं तोटा. आणि टिपांमध्ये "डीआयसीजीसी हप्ता भरला, थकबाकी नाही" ही ओळ. त्यानंतर कर्जं कोणत्या धंद्यात गेली आहेत ते वाचा. पूर्वी खाण होती. आज किनारपट्टीवरची हॉटेलं आणि बिल्डर. एका धंद्यात एक तृतीयांश कर्ज असेल तर बाकीचे आकडे सुंदर असले तरी मन धजावत नाही.

पण या आकड्यांवर सगळा भार टाकू नका. पीएमसी बँकेचा मार्च २०१९ चा निव्वळ एनपीए सव्वादोन टक्क्यांच्या आत दाखवला होता आणि भांडवल पर्याप्तता १२ टक्क्यांवर. सहा महिन्यांत कळलं की बहुतांश कर्ज एकाच बिल्डर समूहाला दिलं होतं आणि ते हजारो बनावट खात्यांत लपवलं होतं. कुंपणच शेत खात असेल तर अहवालात ते दिसत नाही. म्हणूनच आमचा क्रम असा आहे: आधी रक्कम विम्याच्या आत आणा, मग अहवाल वाचा.

बातम्यांत एक फरक ओळखायला शिका. "अमुक बँकेला रिझर्व्ह बँकेचा २ लाखांचा दंड" ही केवायसी वगैरे नियमभंगाची बातमी असते. चांगल्या मोठ्या बँकांनाही असे दंड होतात, त्यावरून पळापळ करू नये. "कलम ३५-अ खाली निर्देश" (बँकिंग नियमन कायद्यातलं निर्बंधांचं कलम) हे शब्द आले की मात्र काउंटर आधीच बंद झालेलं असतं. हे आदेश कामकाज संपल्यावर लागू होतात, त्यामुळे सकाळी रांगेत पहिला उभा राहूनही काही हाती लागत नाही.

कुजबुज आहे, पण निर्देश नाहीत, अशा मधल्या काळात काय करायचं? एका नावावर ८ लाख आहेत असं धरा. वरचे ३ लाख बाहेर काढायचे आहेत. ८ लाखांची एकच पावती असेल तर सगळी मोडावी लागेल आणि १ टक्का दंड धरला तर वर्षाला ८,००० रुपये जातील. लाख-लाखाच्या आठ पावत्या असतील तर साडेतीन लाखांसाठी चारच मोडायच्या (व्याजाची जागा सोडायला हवी ना!), आणि नुकसान ४,००० च्या आसपास. म्हणून पावत्या नेहमी तुकड्यांत करा. दुसरा मार्ग, पावती मोडायची नसेल तर तीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन रक्कम दुसऱ्या बँकेत हलवणं. साधारण १ ते २ टक्के जादा व्याज पडतं, पण निर्बंध आलेच तर ते कर्ज ठेवीतूनच वळतं होतं आणि तेवढे पैसे तुमच्या हातात आधीच आलेले असतात. निर्देश लागल्यावर हा दरवाजाही बंद होतो.

गृह आधार, दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, पेन्शन, गॅस अनुदान यांपैकी जे काही त्या खात्यात येतं ते आधी हलवा, ठेवीच्याही आधी. बँक खातं बदलायला संबंधित सरकारी खात्यात अर्ज, नव्या बँकेचं पासबुक आणि आधार जोडणी लागते, आणि नवा हप्ता नव्या खात्यात पडेपर्यंत एखादा महिना सहज जातो. विमा हप्ते, विजेचं बिल, कर्जाचे ईएमआय त्या खात्यातून आपोआप जात असतील तर तेही वळवा. निर्बंधांत ते परत जातात आणि दंड तुम्हाला बसतो.

५ लाखांच्या वरची रक्कम ठेवायला जागा कमी नाहीत. पोस्टाच्या ठेवींना केंद्र सरकारची हमी आहे, तिथे ५ लाखांचा प्रश्न येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत आणि मासिक प्राप्ती योजनेत एका नावावर ९ लाख, संयुक्त १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या तिघांना रिझर्व्ह बँकेने बुडू देण्याच्या पलीकडच्या बँका म्हणून वेगळं काढलं आहे. विमा तिथेही ५ लाखच आहे, पण मोठ्या व्यापारी बँकांचा इतिहास वेगळा आहे: मार्च २०२० मध्ये येस बँकेवरचे निर्बंध तेरा दिवसांत उठले, लक्ष्मी विलास बँक नोव्हेंबर २०२० मध्ये दहा दिवसांत डीबीएसमध्ये गेली, आणि दोन्हीकडे ठेवीदारांची मुद्दल शाबूत राहिली. पुण्याच्या रुपी बँकेचे निर्बंध २०१३ पासून २०२२ पर्यंत चालले.

निर्बंध आल्यावर बँक दाव्याचा अर्ज घेत नसेल किंवा पोच देत नसेल तर आधी लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार तिथे घेत नाहीत. ती पणजीला सहकार निबंधकाकडे, आणि बहुराज्यीय असेल तर थेट दिल्लीला.